सही न करणाऱ्याचं पत्र: 'साफ्टा सोडा' म्हणणाऱ्या बेदाणा उत्पादकांना

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, पलूस, जत भागांतल्या माझ्या द्राक्ष-बेदाणा उत्पादक बंधू-भगिनींनो, आणि सह्यांचा कागद घेऊन शेडोशेड फिरणाऱ्या पोरांनो,

रामराम.

गेल्या आठवड्यात तुम्ही तिघं माझ्या शेडवर आलात तेव्हा रॅकवरचा शेवटचा माल झाडायचं काम चाललं होतं. हात चिकट, डोक्याला टॉवेल, त्यात तुम्ही कागद पुढं केलात. 'भारताने साफ्टा करारातून तातडीने बाहेर पडावे, देशाचे सार्वभौमत्व अबाधित राखावे, बेदाणा उत्पादकांना वाचवावे.' साफ्टा म्हणजे सार्क गटातल्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांचा आपसांतला मुक्त व्यापाराचा करार. खाली दोनशेच्या वर सह्या. मी तो कागद दोनदा वाचला, तुम्हाला चहा पाजला आणि सही न करता परत दिला. जाताना तुमच्यातला एक जण हसत म्हणाला, "आबा, तुम्हालाबी व्यापाऱ्यांनी फितवलं व्हय?" म्हणाला हसत, पण रात्री अंथरुणावर मला तेच आठवत राहिलं. म्हणून हे पत्र लिहितोय. उघडच लिहितोय, कारण सही न करण्याचं कारणही उघड असावं.

तुमचं दुखणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ते माझंही आहे. चार किलो द्राक्षं वाळवली की एक किलो बेदाणा हाती येतो. एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डावणी-भुरीच्या फवारण्या, डिपिंग ऑइल, पोटॅशियम कार्बोनेट, मजुरी, बॉक्स, वर कोल्ड स्टोअरेजचं भाडं. एवढं करून माल राखून ठेवायचा तो सणासुदीच्या भरवशावर, आणि मागणी निघायच्या तोंडाला यार्डात कुजबुज सुरू होते की बाहेरचा माल आलाय. त्या दिवशीच्या सौद्यात दर बसतो. अफगाणिस्तानच्या बेदाण्याला साफ्टामुळं मूळ आयात कर लागत नाही, दुसऱ्या देशांच्या मालाला तो लागतो. मग चीनचा माल कधी अफगाणी म्हणून, कधी नेपाळच्या हद्दीवरून आत येतो, ही ओरड आपल्याकडं काही आजची नाही. इथवर तुम्ही आणि मी एकाच बांधावर आहोत.

फरक पुढं आहे. तुम्ही म्हणता करार सोडला की हे थांबेल. मी विचारतो, हा कर गेला कधी आणि घालवला कोणी?

साफ्टावर जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादेत सह्या झाल्या आणि २००६ पासून तो अमलात आला. अफगाणिस्तान तेव्हा सार्कमध्ये नव्हताच, तो २००७ साली आला. या करारात प्रत्येक देशाला एक 'संवेदनशील यादी' ठेवायची मुभा आहे. ज्या वस्तू त्या यादीत, त्यांच्यावर सवलत द्यायचं बंधन नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये मालदीवमधल्या अडू इथं सार्कची परिषद भरली आणि तिथं तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जाहीर केलं, की सर्वांत मागास देशांसाठीची (अफगाणिस्तान त्यांतलाच) आपली यादी ४८० वस्तूंवरून २५ वर आणत आहोत. उरलेल्या २५ वस्तू कोणत्या? दारूचे आणि तंबाखूचे प्रकार. बेदाणा त्यात नाही. दारूला कुंपण राहिलं, बेदाण्याचं रान मोकळं. त्या वर्षी आपल्या भागात कुणी यावर सभा घेतल्याचं मला आठवत नाही. मीही घेतली नाही. त्या नोव्हेंबरात मी फळछाटणीनंतरच्या पावसाकडं बघत बसलो होतो.

शेजारच्या गरीब देशांना सवलत द्यायला माझा विरोध नाही, हेही सांगून टाकतो. काबूलकडचा बागायतदार आपल्यासारखाच आहे, आणि त्याच्यामागं जे लागलंय ते आपल्यामागं लागलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही घोषणा भारताने आपण होऊन केली होती. कुणी हात पिरगाळला नव्हता. जे आपण दिलं त्याला मर्यादा घालायची बोलणीही आपल्यालाच सुरू करता येतात, आणि त्यासाठी करार मोडावा लागत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या कागदात नाहीच. अफगाणिस्तानशी भारताचा एक वेगळा, दोघांपुरता करार आहे, मार्च २००३ चा. त्यात त्यांच्या ३८ वस्तूंना सवलत आहे आणि सुकामेवा त्याचा गाभा आहे. म्हणजे उद्या साफ्टा फाडला तरी तो कागद शिल्लक राहतो. साफ्टातून बाहेर पडायला सहा महिन्यांची लेखी सूचना द्यावी लागते. ती दिली, सहा महिने थांबलो, फटाके वाजवले, आणि नंतर कळलं की माल दुसऱ्या दारानं येतोच आहे, तर त्या दोनशे सह्यांना काय सांगणार?

आणि नेपाळमार्गे येणारा चिनी बेदाणा तर कोणत्याच करारानं येत नाही. ती चोरी आहे. चोर दारातून येत नसतो, त्याच्यासाठी दार बुजवून काय उपयोग?

आता तुमच्यातला शिकलेला पोरगा जे बोलला त्याकडं येतो. त्याचा मुद्दा असा, "आबा, ब्रिटन एवढ्या मोठ्या युरोपीय संघातून बाहेर पडला, मग आपल्याला काय धाड भरलीय?" चांगला प्रश्न आहे. याचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही, कारण मी त्याकडं बरीच वर्षं लक्ष ठेवून आहे. आपली द्राक्षं तिकडं जातात म्हणून.

२३ जून २०१६ ला तिथं मतदान झालं. ५१.९ टक्के लोक बाहेर पडा म्हणाले, ४८.१ टक्के राहा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पौंड डॉलरच्या तुलनेत ३१ वर्षांतल्या तळाला गेला. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला, आणि जुने व्यापारी नियम सुटायला त्या वर्षाचा ३१ डिसेंबर. म्हणजे मत दिल्यापासून साडेचार वर्षं. या काळात पंतप्रधान बदलले, पुन्हा निवडणुका झाल्या, आणि कारखानदारांनी नवी गुंतवणूक लांबणीवर टाकली, कारण उद्याचा नियम काय असेल हे कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याकडं सुद्धा पाण्याची पाळी नक्की नसली की नवी बाग लावायला कोण धजावतं?

फायदा-तोट्याचा हिशेब करायला तिथं सरकारी अंदाजपत्रकाची स्वतंत्र तपासणी करणारी एक संस्था आहे, ओबीआर. तिचा अंदाज असा, की संघात राहिले असते त्या तुलनेत लांब पल्ल्यात देशाची उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी. देश बुडाला नाही. बुडेल म्हणणारेही चुकले. पण दरवर्षी थोडंथोडं कमी पिकणाऱ्या बागेसारखं ते आहे. एका हंगामात कळत नाही, दहा वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या मांडल्या की कळतं.

आता त्यांच्या पदरात काय पडलं तेही प्रामाणिकपणे सांगतो. संघात असताना ब्रिटनला स्वतःचा व्यापार करार करता येत नव्हता. बाहेर पडल्यावर आला. आपल्याशीच त्यांनी जानेवारी २०२२ मध्ये बोलणी सुरू केली आणि २४ जुलै २०२५ ला सही झाली. २०२५ साली अमेरिकेने सगळ्या जगावर कर लादले तेव्हा ब्रिटनच्या वाट्याला १० टक्क्यांचा मूळ दर आला, युरोपीय संघाच्या वाट्याला त्याहून जास्त. हा बाहेर असल्याचा फायदाच म्हणायचा. मोठ्या कळपात नसलं की लवकर वळता येतं, यात तथ्य आहे. फक्त कळपात नसलं की लांडगाही एकट्यालाच गाठतो, हे आपण ऑगस्ट २०२५ मध्ये ५० टक्के कर सोसून पाहिलं आहे.

पण तुम्हाला माझ्यापेक्षा तिथल्या मासेमारांची गोष्ट जास्त पटेल, कारण ते तुमच्यासारखे आहेत. आमच्या समुद्रात परदेशी बोटी नकोत, हा त्यांचा राग, आणि 'बाहेर पडा' म्हणणाऱ्यांत ते सर्वांत पुढं होते. त्यांना वाटलं, आता समुद्र आपला. करार झाला तेव्हा युरोपच्या वाट्यातला पाव हिस्सा, तोही साडेपाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं परत मिळेल असं ठरलं. ती मुदत संपत आली तसं मे २०२५ मध्ये ब्रिटनने युरोपच्या बोटींना २०३८ पर्यंत मुभा वाढवून दिली. का? कारण त्याच बैठकीत दुसऱ्या बाजूला अन्नपदार्थांच्या तपासण्या सैल करून घ्यायच्या होत्या. पकडलेली मासळी विकायची कुठं, तर युरोपातच. कालवं-शिंपल्या काढणाऱ्यांचं तर आणखी वाईट झालं. २०२१ उजाडला आणि बऱ्याच भागांतला त्यांचा जिवंत माल शुद्ध केल्याशिवाय युरोपात जाईना. समुद्र तोच, शिंपल्या त्याच. फक्त ते आता 'बाहेरचे' झाले होते.

आणि हद्दीवरचा ताबा? मतदानाच्या वेळची मोठी घोषणा तीच होती, सूत्रं आपल्या हाती घ्या. हाती आली. पण युरोपातून येणाऱ्या मालाची तपासणी सुरू करायला लागणारी माणसं, शेड, यंत्रणा तयार नव्हती. २०२१ पासून ती तपासणी पुन्हापुन्हा पुढं ढकलली गेली आणि सुरू व्हायला २०२४ साल आलं. बाहेरून येणाऱ्या लोकांचंही तसंच. सूत्रं हाती आल्यानंतर २०२३ च्या सुमारास वर्षाकाठी निव्वळ येणाऱ्यांचा आकडा ९ लाखांच्या वर गेला, पूर्वी कधी नव्हता एवढा. हे चूक की बरोबर हे ते लोक बघतील. मला त्यात दिसतं ते असं, की ठरवायचा हक्क एका सहीनं मिळतो, पण नाका चालवायला रोज माणसं लागतात.

आता आपल्याकडं वळू. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारात जायचं नाकारलं. १६ देश बोलणी करत होते, नंतर उरलेल्या १५ जणांनी २०२० मध्ये सही केली आणि २०२२ पासून तो करार लागू आहे. मी त्या वेळी नकाराच्या बाजूनं होतो आणि आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही. न्यूझीलंडची दूध पावडर बिनकराची आली असती तर आपल्या डेअरीला दूध घालणाऱ्या, दोन म्हशी सांभाळणाऱ्या बाईचं काय झालं असतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. ते दार लावलं ते योग्यच केलं.

पण त्या नकाराचं दुसरं मोठं कारण होतं चीनचा माल. तो थांबला का? २०१९-२० मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट सुमारे ४९ अब्ज डॉलर होती, २०२४-२५ मध्ये ती ९९ अब्जांवर गेली. दुप्पट. कोणत्याही गटात न जाता. करारात गेलो असतो तर ती याहून वाढली असती असं कुणी म्हणेल आणि कदाचित त्याचं खरंही असेल. तरी एक गोष्ट उरतेच. गटाबाहेर असणं म्हणजे माल बाहेर असणं, हे गणित जुळत नाही. आपल्या फवारणी पंपाच्या मोटरपासून मोबाइलपर्यंत बघा.

बाहेर पडून भलं झालेले देश नाहीत असं नाही. ग्रीनलंड आहे. डेन्मार्कबरोबर तो युरोपच्या बाजारगटात ओढला गेला होता, १९८२ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून बाहेर पडायचं ठरवलं आणि १९८५ मध्ये पडले. कारण मासे. पण जाताना त्यांनी मासेमारीचा वेगळा करार करून आपले मासे बिनकराचे युरोपात जातील अशी सोय करून घेतली. आधी नवं दार, मग जुनं बंद. चिलीचं उदाहरण तर आपल्याला जवळचं, कारण आपला द्राक्षाचा हंगाम आणि त्यांचा हंगाम युरोपच्या बाजारात एकमेकांवर येतो. चिली १९७६ मध्ये शेजाऱ्यांच्या अँडियन गटातून बाहेर पडला. आज त्यांची द्राक्षं जगभर दिसतात म्हणून कुणी ते उदाहरण देईल. पण ते का बाहेर पडले बघा. गट परदेशी मालावर आणि भांडवलावर जेवढी बंधनं ठेवू पाहत होता तेवढी चिलीला नको होती. बाहेर पडून तीन वर्षांत त्यांनी आयात कर सरसकट १० टक्क्यांवर आणला. १९८२ मध्ये त्यांची अर्थव्यवस्था दणकून आपटली, त्याला त्यांची इतर धोरणंही कारण होती, आणि सावरल्यावर त्यांनी एकामागून एक देशाशी करार केले. शिवाय ते सगळं ठरवणारं सरकार लष्करशहाचं होतं, लोकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. तुम्हाला दार लावायचंय. चिलीनं वाडाच पाडला. ते उदाहरण आपल्या कामाचं नाही.

आफ्रिकेतल्या माली, बुर्किना फासो आणि नायजर या तीन देशांनी जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकेचा गट सोडला, तोही सार्वभौमत्वाच्या नावानं. तिघांनाही समुद्र नाही. बंदरं शेजाऱ्यांची. आणि चलन अजून तेच, सामाईक. पुढं काय होतं ते बघू.

हा शब्द तुमच्या कागदावर दोनदा आलाय, सार्वभौमत्व. त्यावर मला थोडं बोलायचं आहे, कारण आपल्या मातीत हा शब्द पुस्तकातून आलेला नाही. १९४२ च्या सप्टेंबरात तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यातच होतं. कचेरीवर झेंडा लावणं हा एका दिवसाचा पराक्रम. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव जे केलं ते वेगळ्या जातीचं काम होतं. भांडणतंटे मिटवले, न्यायनिवाडे केले, गावगुंडांचा बंदोबस्त केला, कमी खर्चात लग्नं लावून दिली. लोक ते सरकार मानत होते, कारण ते काम करत होतं. माझे आजोबा सांगायचे, इंग्रजाचा फौजदार गावात आला की लोक नमस्कार घालत, पण वाटणीचं भांडण घेऊन जात ते रात्री, दुसऱ्या सरकारकडं.

म्हणून मला 'बाहेर पडा' यापेक्षा 'काम करा' हे सार्वभौमत्वाच्या जास्त जवळचं वाटतं.

आणखी एक अनुभव सांगतो, माझ्या स्वतःच्या नुकसानीचा. २०१० चा हंगाम तुमच्यातल्या चाळिशीपुढच्यांना आठवत असेल. लिहोसिनचा, म्हणजे वेलीची वाढ आवरायला मारायच्या औषधाचा. माझा माल एका निर्यातदाराकडून युरोपला गेला होता. तिथं तपासणीत त्यातल्या क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. आपल्याकडच्या तपासणी यादीत ते रसायनच नव्हतं, त्यामुळं इथला रिपोर्ट स्वच्छ आणि तिथला खराब. त्या वर्षीच्या पट्टीत मला मिळाले ते फक्त कोरे आश्वासनाचे शब्द. आता विचार करा. भारत कुठल्या युरोपीय गटाचा सभासद होता? कुठल्याच नाही. तरी माझ्या वेलीवर काय मारायचं आणि किती दिवस आधी थांबवायचं, हे हजारो मैलांवर ठरलं, आणि ते ठरवताना आपलं मत विचारलं गेलं नाही. माल ज्याच्या बाजारात न्यायचा त्याचा नियम पाळावा लागतो, गटात असा वा नसा. ब्रिटनचंही आता तेच झालंय. युरोपला माल पाठवायचा तर नियम युरोपचे, फक्त ते ठरवायच्या टेबलावरची खुर्ची गेली. आपल्या निर्यातदारांना त्यातून मिळालं काय, तर औषधांच्या अंशांच्या दोन याद्या. पूर्वी एका यादीत सगळं भागत होतं, आता युरोपची वेगळी, ब्रिटनची वेगळी.

टेबलावरची खुर्ची म्हणजे काय हे आपल्याकडंच बघा. जीएसटी आला आणि बेदाण्यावर किती कर लावायचा हे ठरवायचा महाराष्ट्राचा एकट्याचा अधिकार संपला. राज्याचं सार्वभौमत्व गेलं म्हणा. पण जीएसटी परिषदेत सगळ्या राज्यांच्या मताला मिळून दोन-तृतीयांश वजन आहे, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या बैठकीत खुलासा झाला, की शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही. आपल्या भागानं त्यासाठी किती खेटे घातले हे तुम्हाला माहीत आहे. ते आत बसून मिळालं. आणि काही गोष्टींतून तर बाहेर पडायची सोयच नसते. २००५, २०१९, २०२१, तीन वेळा कृष्णा सांगलीत शिरली. अलमट्टीवरून कर्नाटकाशी आपलं भांडण आहेच. पण कृष्णा खोऱ्यातून राजीनामा देता येतो का? बोलत बसावं लागतं, आकडे घेऊन.

"पण आबा, सार्क मेलेलाच आहे," असं तुमच्यापैकी कुणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. २०१४ च्या काठमांडूनंतर त्याची शिखर परिषद झालेली नाही. दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपास आहे, आग्नेय आशियातल्या आसियान गटात तो २५ टक्क्यांच्या घरात जातो. तेव्हा साफ्टातून बाहेर पडून भारताची अर्थव्यवस्था कोसळणार नाही आणि उजळणारही नाही. देशाला त्याचा फारसा फरक पडणार नाही. फरक पडेल तो आपल्याला, कारण आपली खाण्याची द्राक्षं बांगलादेशात जातात. करार असूनही तो देश आपल्या द्राक्षांवर आणि विदर्भाच्या संत्र्यांवर जबर आयात कर लावतो, हे खरं आहे. त्यावर भांडायला करारच हाताशी असलेला बरा. संयुक्त राष्ट्रांनी बांगलादेशला मागास देशांच्या यादीतून बाहेर काढायची तारीख २४ नोव्हेंबर २०२६ ठरवून दिली होती. तो देश त्या यादीतून निघाला की त्याच्या सवलतींची बोलणी नव्यानं करावी लागतात. आपण एकतर्फी दिलेलं आणि त्यांनी अडवलेलं एका तराजूत घालायची तीच संधी. त्या वेळेला आपणच दार आपटून बाहेर उभे असलो तर बोलणार कुणाशी?

मग मी सही कशावर करीन?

मिऱ्याच्या शेतकऱ्यांचं उदाहरण देतो. श्रीलंकेशी आपला बिनकराचा करार आहे. त्या वाटेनं व्हिएतनामचं मिरं श्रीलंकेचं नाव लावून येतं, अशी केरळ आणि कोडगूच्या बागायतदारांची ओरड होती. जशीच्या तशी आपली गोष्ट. करार मात्र सुटला नाही. दोन गोष्टी त्यांच्या पदरात पडल्या. श्रीलंकेच्या मिऱ्याला वर्षाला २,५०० टनांपर्यंतच बिनकराची वाट, आणि डिसेंबर २०१७ मध्ये मिऱ्याला किलोमागे ५०० रुपये किमान आयात किंमत. त्याखालच्या भावाचं मिरं देशात आणता येणार नाही, अशी अधिसूचना. त्यातून सगळं सुटलं नाही, पळवाटा निघाल्याच, पण बाजाराला टेकू मिळाला. बेदाण्याला किमान आयात किंमत आणि अफगाणी मालाला वार्षिक मर्यादा, ही मागणी लिहा, मी सही करतो.

दुसरं. सप्टेंबर २०२० पासून देशात नियम आहे, की सवलतीचा कर लावून माल आणणाऱ्या आयातदारानं तो माल खरोखर त्या देशात पिकला याची माहिती स्वतःजवळ ठेवायची आणि कस्टम्सनं मागितली की द्यायची. केवळ प्रमाणपत्राचा कागद पुरत नाही. हा नियम बेदाण्याच्या किती कन्साइनमेंटना लावला, किती अडवल्या, हे माहिती अधिकारात विचारा. उत्तर आलं की ते छापा. बाजारातल्या कुजबुजीवर निवेदन काढण्यापेक्षा त्या उत्तरावर काढलेलं निवेदन दिल्लीत जास्त वजनाचं ठरेल. नेपाळ हद्दीवर पकडलेल्या मालाचे आकडेही तसेच मागवा.

तिसरं तुम्हाला आवडणार नाही. सौद्यात मूठमूठ माल उधळला जातो, जमिनीवर सांडलेला बेदाणा झाडून कुणाच्या पोत्यात जातो हे आपण सगळे बघतो आणि गप्प बसतो. माल उचलून पैसे बुडवून गायब होणारे व्यापारी आपल्याच यार्डात माल घेतात. माझे स्वतःचे दोन हंगामांचे पैसे असे अडकलेत, आणि ते काही काबूलवाल्यानं बुडवलेले नाहीत. हद्दीवरचा नाका दिल्लीचा आहे, यार्डातला आपला. तिथल्या मागण्या त्याच कागदावर खाली लिहा. साफ्टावर सही द्यायला दोनशे माणसं मिळतात, उधळणीवर वीस मिळतात का बघा.

कागद बदलून आणलात तर शेडवर यायची गरज नाही, सौद्याच्या दिवशी मी यार्डात असतोच. आणि एक राहिलं. त्या दोनशे सह्यांत मला एकाही बाईचं नाव दिसलं नाही. माझी शेड माझी बायको चालवते. डिपिंगचं प्रमाण तिचं, मजुरांचा हिशेब तिचा, प्रतवारी तिची. नवा मजकूर आधी तिला वाचून दाखवा. तिला पटला तर पहिली सही तिची घ्या, तिच्या खाली मी करीन.

तुमचाच,
एक बेदाणा उत्पादक
तासगाव तालुका, जि. सांगली